टिपमन ९८ ला रेग्युलेटर, तोही सीओटूवर: नाशिकच्या प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर

गंगापूर धरणाच्या अंगाला मित्राचं पेंटबॉलचं ग्राउंड आहे. आठवडाभर मी सातपूरला टूलरूममध्ये असतो आणि रविवारी त्याच्या मार्करांची, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांची, देखभाल बघतो. सगळे टिपमन कंपनीचे ९८ कस्टम, सगळे सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालणारे. थंडी पडली की दरवर्षी ठरलेली तक्रार सुरू होते: सकाळच्या बॅचच्या गोळ्या पोहोचत नाहीत आणि दुपारच्या बॅचला लागेल तिथे वळ उठतो.

आज क्रोनो (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून नीट आकडे घेतले. सकाळी साडेसातला ग्राउंडवर ११ अंश होतं. वेग २४० ते २५५ एफपीएस (फूट प्रति सेकंद). वेगाचा स्क्रू बाहेर घेत २७५ वर आणला. दुपारी दोनला तोच मार्कर घेतला, स्क्रूला हात लावला नाही, फक्त बाटली नवी भरलेली लावली. ३०५, ३१२, एक तर ३१८. आमच्या ग्राउंडची मर्यादा २८० आहे, आणि खेळात सर्रास मानली जाणारी वरची हद्द ३००. गोळी साधारण ३ ग्रॅमची असते. २८० ला तिच्यात ११ जूलच्या आसपास ऊर्जा असते, ३१८ ला १४. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ज्याच्या मांडीवर गोळी बसली त्याला विचारा.

कारण गूढ नाही. बाटलीत सीओटू द्रवरूपात असतो आणि वरच्या वायूचा दाब तापमानावर ठरतो. बाटली अर्धी आहे की भरलेली, याने त्यात फरक पडत नाही. १० अंशाला साधारण ६५० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड), २० ला ८३०, ३० ला १०४५. ३१ अंशांच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि मग बाटली जितकी गच्च भरलेली तितका दाब चढतो. आपल्याकडे डिसेंबरात पहाट आणि दुपार यांत पंधरा-सोळा अंशांचं अंतर सहज पडतं. मुंबईच्या ग्राउंडवाल्याला हे दुखणं इतकं जाणवत नसेल.

वर आणखी एक भानगड आहे. पोरं एकसारखा चाप ओढत सुटली की द्रव भराभर उकळतो, बाटली गार पडते, दाब उतरतो. म्हणजे एकाच बाटलीवर, एकाच खेळात वेग खाली-वर होतो.

१४ डिसेंबर

वेग एकसारखा राहावा म्हणून काय बसवायचं, यावर आज दिवसभर खल.

पहिला पर्याय सीओटू सोडून दाबाच्या हवेवर जाण्याचा. हवेच्या बाटलीच्या डोक्यावरच रेग्युलेटर, म्हणजे दाब उतरवून एकसारखा देणारा भाग, असतो. आत ३००० पीएसआय असले तरी बाहेर साधारण ८०० च येतात, थंडी असो की ऊन. तांत्रिकदृष्ट्या हाच सरळ मार्ग, आणि तसं केलं तर टिपमनवर दुसरा रेग्युलेटर लावण्यात फारसा अर्थ राहत नाही. पण २०० बार (सुमारे २९०० पीएसआय) देणारा कंप्रेसर, त्याचे फिल्टर, शिवाय सगळ्या बाटल्या नव्या. मित्र म्हणाला, "यंदा नाही भो, यंदा शेडचे पत्रे बदलायचेत." सीओटू मात्र इथे हाकेच्या अंतरावर आहे. अंबड-सातपूरला सीओटूवरचं मिग वेल्डिंग जिथे तिथे चालतं, त्यामुळे मोठा सिलिंडर सांगितला की दुसऱ्या दिवशी दारात.

वेल्डिंगचा विषय निघालाच होता, तर अंबडला गॅसचं दुकान असलेल्या मामांकडे गेलो. त्यांनी लगेच काउंटरवर वेल्डिंगचा सीओटू रेग्युलेटर ठेवला. "हा घेऊन जा ना. दोनशे बार झेलतो, हीटरसुद्धा आहे." झेलतो हे खरं, पण त्याच्यातून मिनिटाला २०-२५ लिटर वायू निघावा अशी त्याची घडण. आमचा हिशेब त्यांच्याच बिलाच्या पाठीवर मांडला. २० औंसांची बाटली म्हणजे ५६७ ग्रॅम, तिच्यात ९०० च्या आसपास गोळ्या सुटतात, म्हणजे गोळीमागे ०.६ ग्रॅम. हा वायू मोकळ्या हवेत लिटरचा तिसरा हिस्सा भरतो. सेकंदाला ५ गोळ्या धरल्या तर मिनिटाला १०० लिटर झाले. तेही सलग नाही, झटक्याझटक्याने, प्रत्येक झटका काही मिलिसेकंदांचा. वेल्डिंगच्या रेग्युलेटरवर हे चालवणं म्हणजे ठिबकच्या नळीने आग विझवायला निघणं. शिवाय त्याचा बाहेरचा दाब आम्हाला हवा त्याच्या आसपासही पोहोचत नाही. मामांना पटलं, चहा मात्र पाजलाच.

टूलरूममध्ये मशीनवर असतात ते एफआरएल युनिटचे (हवा गाळून दाब ठरवणारे) रेग्युलेटरही बाद. ते १०, फार तर १६ बारचे. आपल्याला ४० बारच्या वरचं काम आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण आमच्या हेल्पर पोराने दुपारी नेमका तोच काढून आणला होता.

राहिला पेंटबॉलसाठीच बनवलेला इनलाइन रेग्युलेटर, म्हणजे बाटली आणि मार्कर यांच्या मध्ये बसणारा. यात पामरच्या स्टॅबिलायझरचं नाव मोठं, सीओटूवर चालणारा म्हणून जुने खेळाडू त्याचीच शपथ घेतात. पण परदेशातून मागवायचा तर किंमत, कुरिअर, कस्टम ड्युटी मिळून एका रेग्युलेटरचा आकडा अर्ध्या मार्करापर्यंत जातो. एखाद्या खेळाडूच्या स्वतःच्या मार्करला ठीक आहे, भाड्याने द्यायच्या मार्करला परवडत नाही. पुण्यातला एक जुना खेळाडू सामान विकायला काढतोय असं कळलंय, त्याच्याकडे काय आहे ते बघू.

निवडताना मी काय बघणार, ते इथे टिपून ठेवतो, म्हणजे समोर चकचकीत ॲनोडाइझ केलेली बॉडी आली की भुलायला नको. आतली वाट मोठी हवी. ओ-रिंग (गळती अडवणाऱ्या गोल कड्या) नेहमीच्या मापाच्या हव्यात, नाहीतर एक फाटली की मार्कर सहा महिने कपाटात. सीट (वायूची वाट बंद करणारी चकती) काढून बदलता आली पाहिजे. दाब ४०० ते ८०० च्या पट्ट्यात बारीक फिरवता यायला हवा आणि फिरवायला ॲलन की लागली पाहिजे. बोटाने फिरणारी चकती भाड्याच्या मार्करावर नको, पोरं पाच मिनिटांत शोधून काढतात. आणि गेजसाठी वेगळं भोक, कारण दाब डोळ्यांनी दिसत नसेल तर रेग्युलेटर लावून मी काय सेट करणार?

एक गोष्ट मात्र मित्राला दोनदा समजावली आणि तरी ती त्याच्या पूर्ण पचनी पडलेली दिसत नाही. रेग्युलेटर दाब फक्त उतरवतो. पहाटे बाटलीतच ६५० असतील तर तो ८०० कुठून देणार? म्हणून सेटिंग दिवसातल्या सगळ्यात गार बाटलीच्या खाली ठेवावं लागणार, आणि टिपमन तर ८०० च्या आसपास मजेत चालणारा गडी. खरं काम रेग्युलेटर बसवण्यात नाही, मार्करला कमी दाबावर चालायला लावण्यात आहे.

त्याचं म्हणणं, सगळ्यांना एकदम बसवून टाक. आधी एकाला बसवतो, मग बोलू.

४ जानेवारी

पुण्याहून रेग्युलेटर आला. पिस्टनवाला, उभा बसणारा, एका बाजूला गेजचं भोक, आत-बाहेर दोन्हीकडे पाव इंचाच्या निम्मे म्हणजे १/८ एनपीटी (पाइपचं अमेरिकन माप) आटे. बॉडीवर ओरखडे आहेत, आटे मात्र शाबूत. विकणारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दाब थोडा चढतो, बघून घ्या."

खोलला. रचना साधी आहे. पिस्टनच्या एका अंगाला स्प्रिंग, दुसऱ्या अंगाला बाहेर जाणारा वायू. बाहेरचा दाब वाढला की पिस्टन स्प्रिंगला रेटून सीटवर बसतो आणि येणारी वाट बंद होते. गोळी सुटली, दाब पडला, स्प्रिंग पिस्टनला उचलते, वाट उघडते. खालचा स्क्रू स्प्रिंग किती दाबून ठेवायची ते ठरवतो. स्प्रिंगच्या कप्प्याला बॉडीत एक बारीक छिद्र आहे. ते बुजवायचं नाही, आणि तिथून वायू फुसफुसला तर पिस्टनची ओ-रिंग गेली असं समजायचं. बाहेरचा दाब हळूहळू चढत राहिला तर दोष सीटचा. या दोन खुणा कळल्या की निम्मी दुरुस्ती रेग्युलेटर न खोलताच उरकते.

सीट डेलरिन या कडक प्लॅस्टिकची आहे. भिंगाखाली धरली. पिस्टनच्या काठाने तिच्यावर गोल वळ उमटवलाय, तेवढं चालतं. पण घड्याळात चार वाजतात त्या जागी वळाला आडवी चीर होती आणि चिरेत केसाएवढा पितळेचा कण रुतलेला, उजेडात तिरका धरला तरच चमकणारा. कधीतरी कोणी पितळी फिटिंग कोरडंच कसलं असणार, त्याचा हा कीस. एवढ्याशा कणाने दाब चढत होता.

सीट उलटी करून वापरता आली असती. पण दुसरी बाजूही तपासली तर किंचित ओबडधोबड. काचेच्या तुकड्यावर १२०० नंबरचा पॉलिश पेपर, वर पाण्याचे दोन थेंब, आणि सीट इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवत राहिलो. वळ जवळजवळ गेला. लेथवर फेस मारणं जलद झालं असतं, पण एवढी लहान चकती चकमध्ये दाबली की वाकते आणि सोडली की फेस पुन्हा तिरका. डेलरिनचा गज आपल्याकडे सहज मिळतो, म्हणून एक सीट सुटी कापूनही ठेवली.

ओ-रिंग सगळ्या काढून टाकल्या. नायट्राइल रबर सीओटू पितं आणि फुगतं. दाब एकदम सोडला की आत मुरलेला वायू बाहेर पडताना रबराला फोड येतात. जिथे मिळाल्या तिथे पॉलियुरेथेनच्या घातल्या. बाटलीच्या तोंडाची ०१५ मापाची, ९० कडकपणाची. पिस्टनवर मात्र जरा मऊ, नाहीतर पिस्टन अडखळतो. ग्रीस सिलिकॉनचं. पेट्रोलियमचं ग्रीस सीओटूत चालून जातं, पण उद्या हाच रेग्युलेटर दाबाच्या हवेवर गेला तर आत तसलं ग्रीस असणं धोक्याचं आहे.

११ जानेवारी

फिटिंगच्या मागे सकाळ गेली. ज्यांना हे काम पुढे करायचंय त्यांनी एवढी एक नोंद नीट वाचावी.

पेंटबॉलच्या सामानातले बहुतेक जोड १/८ एनपीटीवर चालतात. आपल्याकडे न्यूमॅटिकच्या दुकानात '१/८' मागितलं की हातात येतं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश माप. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. एनपीटीला इंचात २७ आटे आणि आट्याचा कोन ६० अंश, बीएसपीला २८ आटे आणि ५५ अंश. म्हणून बीएसपीचं निपल एनपीटीच्या भोकात तीन-चार फेरे लोण्यासारखं जातं आणि मग जाम होतं. माणसाला वाटतं, वा, घट्ट बसलं. टेफ्लॉन टेप भरपूर असेल तर पहिल्या दिवशी गळतही नाही. ॲल्युमिनियमचे आटे मात्र त्यात सोलले जातात, आणि ४० बारवर सोललेले आटे म्हणजे फिटिंग उडण्याची तयारी.

शहरातल्या एका दुकानाने पाकिटावर एनपीटी लिहून बीएसपीच दिलं होतं. आटे मोजायचा पिच गेज लावला म्हणून कळलं. शेवटी हायड्रॉलिकवाल्याकडे खरं एनपीटी मिळालं, स्टीलचं, दाब लिहिलेलं. न्यूमॅटिकचे पुश-फिट कनेक्टर आणि निळी पीयू नळी इथे चालत नाही, त्यांची झेप १० बारची. स्टीलची विणीव नळी मार्करची मूळचीच वापरतोय.

१८ जानेवारी

आज बसवला.

मार्कर रिकामा, हॉपर (गोळ्यांचा डबा) काढलेला, बाटली काढलेली, बॅरलच्या तोंडाला कव्हर. तरी चाप दोनदा ओढून आतला वायू सोडला. गॉगल डोळ्यांवर, बेंचवर असलो तरी.

बाटली फिरवून काढताना नेहमीची काळजी: बाटली ॲडाप्टरमधून सुटली पाहिजे. बाटलीच्या डोक्याचा व्हॉल्व्हच बाटलीतून सैल होऊन निघत गेला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. अमेरिकेत याने माणसं दगावली आहेत. बायकोकडून नेलपॉलिश मागून घेतली आणि प्रत्येक बाटलीवर, व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या सांध्यावर आडवी रेघ मारली. रेघ मोडलेली दिसली की ती बाटली बाजूला. बाटलीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख उलटली असेल तीही बाजूला. 'अजून चांगली दिसतेय' हा युक्तिवाद मी ऐकून घेत नाही.

मांडणी अशी: बाटली, खालचा ॲडाप्टर, आखूड विणीव नळी, रेग्युलेटर, निपल, मार्कर. रेग्युलेटर पुढच्या बाजूला उभा, डाव्या हाताच्या मुठीत येईल असा. त्याला धरायला ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ब्रॅकेट कापला. भोक बॉडीपेक्षा ०.१ मिमी मोठं केलं, एका बाजूने चीर दिली आणि एम-४ च्या दोन ॲलन बोल्टनी आवळला. यात एक मेख आहे. रेग्युलेटरची बॉडी पातळ असते, ब्रॅकेट जास्त आवळला की बॉडी आत दबते आणि पिस्टन अडकतो. दाबाचा काटा मग टप्प्याटप्प्याने उड्या मारत चढतो. म्हणून मध्ये रबराची पातळ पट्टी घातली आणि बोल्ट हाताला लागले की पाव फेरा, बस्स.

आट्यांना टेप लावताना पहिला आटा कोरडा सोडायचा. टेपचा तुकडा आत गेला की थेट सीटवर जाऊन बसतो. मी टेपऐवजी आटे सील करायचं द्रव लावलं आणि रात्रभर सुकू दिलं होतं, म्हणून हे सगळं शनिवारी रात्रीच जोडून ठेवलं होतं.

स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण सैल करून बाटली हळू फिरवत लावली. काटा ३०० च्या आसपास उठून थांबला. साबणाच्या पाण्याचा ब्रश सगळ्या सांध्यांवरून फिरवला. निपलपाशी एक बुडबुडा येत होता. वायू सोडून अर्धा फेरा कसला, गेला. मग ६०० पर्यंत चढवून गेजकडे बघत बसलो. दहा मिनिटांत काटा हलला नाही. सीट बसली.

२५ जानेवारी

उद्या सुट्टी, ग्राउंड फुल्ल. या मार्करला गर्दीत नेणार नाही. पोराला बजावून ठेवलं.

१ फेब्रुवारी

पहाटे सातला ग्राउंडवर. ९ अंश. निफाडकडे याहून गार असेल, पण आम्हाला एवढं पुरेसं होतं. बाटलीचा दाब ६३५ च्या आसपास असायला हवा, गेजवर स्क्रू पूर्ण आवळून बघितला तर तेवढाच आला. मग ५७५ वर सेट केला.

पहिल्या गोळीलाच उत्तर मिळालं. मागचा बोल्ट (व्हॉल्व्हवर आदळून वायू सोडणारा हातोडा) पूर्ण मागे गेला नाही, सिअरवर (चापाच्या खटक्यावर) अडकला नाही, स्प्रिंगने पुन्हा पुढे फेकला, पुन्हा व्हॉल्व्हवर आदळला. एका चापाला तीन-चार ठोके, धडधडधड. टिपमन कमी दाबावर हेच करतो. बाटली संपत आली की सगळ्यांनी हे ऐकलेलं असतं. खेळात असा मार्कर देता येत नाही.

१४ डिसेंबरला लिहिलं होतं ते इथे समोर आलं. ८०० च्या दाबाला व्हॉल्व्ह उघडायचा तर बोल्टची मुख्य स्प्रिंग तितकी ताठ लागते. दाब ६०० केला की व्हॉल्व्ह उघडायला कमी जोर पुरतो, पण ताठ स्प्रिंगला मागे रेटायला वायूत तेवढा दम उरत नाही. म्हणून स्प्रिंग मऊ करायला हवी. मूळ स्प्रिंग कापून आखूड करायचा सोपा सल्ला बरेच देतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते पण आणखी ताठ होते, आणि कापलेलं टोक बोल्टला खात बसतं.

अंबडच्या स्प्रिंगवाल्याकडे मूळ नमुना दिला. तेवढाच व्यास, तेवढेच वेढे, तेवढीच लांबी, तार फक्त ०.१ मिमीने बारीक. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्यानेच ती चांगली मऊ पडते. तो म्हणाला, एकच नाही करत, डझन घ्या. घेतल्या. पुढे लागणारच आहेत.

८ फेब्रुवारी

या प्रकल्पातला सगळ्यात मजेदार दिवस. वेगाचा स्क्रू एका जागी ठेवून, मऊ स्प्रिंगवर, दाब पायरीपायरीने चढवत गेलो. दुपारची वेळ, त्यामुळे बाटलीत दाबाला तोटा नव्हता. प्रत्येक पायरीला दहा-दहा गोळ्या, त्यांची सरासरी.

४५० ला बोल्ट अडकतच नव्हता. ५०० ला अडकला, वेग २५८. ५५० ला २७४. ६०० ला २७९. ६५० ला २८०. आणि मग ७०० ला २७२, ७५० ला २६१.

दाब वाढवला आणि वेग उतरला. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. पण हे बरोबर आहे. दाब वाढला की तोच दाब व्हॉल्व्हला आतून दाबून धरतो, मऊ स्प्रिंगचा हातोडा त्याला पुरेसा उघडू शकत नाही, व्हॉल्व्ह लवकर मिटतो. एका बाजूला वायू जोरदार, दुसऱ्या बाजूला तो सुटायला वेळ कमी. मध्ये एक माथा येतो, जिथे दोन्ही तोलून जातात. त्या माथ्यावर मार्कर सेट करायचा. माथा सपाट असल्याने दाब २५-३० इकडे तिकडे झाला तरी वेग दोन-तीन एफपीएसपलीकडे हलत नाही. स्वस्तातला, जरा डगमगणारा रेग्युलेटरसुद्धा इथे निभावून जातो.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. उद्या सीट गेली आणि भर दुपारचे हजार पीएसआय थेट मार्करात आले तर? ताठ स्प्रिंगवर वेग ३१८ च्या पुढे गेला असता. मुद्दाम करून पाहिलं: रेग्युलेटर वगळून नळी थेट जोडली, मऊ स्प्रिंग तशीच. वेग २३० च्या आत. म्हणजे बिघाड झालाच तर मार्कर ढिला पडेल, कुणाच्या अंगावर जोरात बसणार नाही. भाड्याच्या मार्करात मला असंच हवं.

६०० वर ठेवला. माथ्याच्या जरा अलीकडे, म्हणजे थंडीत बाटली थोडी उतरली तरी सोय राहते.

१५ फेब्रुवारी

सकाळी ११ अंश. पहिल्या गोळ्या २७७, २७९, २७६. मग पोराला सांगितलं, दमेस्तोवर चाप ओढ. पंधरा-वीस गोळ्यांनंतर बाटलीवर दव धरलं, काटा ५५० कडे घसरला, वेग २७० पर्यंत आला आणि तिथेच रेंगाळला. जुन्या मार्करावर हेच २०० च्या घरात जायचं. बाटली गार पडते त्याला रेग्युलेटर काही करू शकत नाही, पण खेळणाऱ्याला आता फरक जाणवत नाही.

मार्कर तोंड खाली करून धरला की मात्र एखादी गोळी २९० ला जायची. द्रव सीओटू बाटलीतून थेट आत येत होता. तो रेग्युलेटरच्या पुढे जाऊन उकळतो आणि मग दाबावर कुणाचा ताबा नाही. त्याचा इलाज बाटलीत आहे: आत वाकडी अँटी-सायफन नळी असलेला व्हॉल्व्ह, नळीचं टोक बाटली लावल्यावर वरच्या बाजूला येईल असा. या मार्करासाठी तशा दोन बाटल्या वेगळ्या काढल्या, पिवळी पट्टी चिकटवून. मार्कराच्या मुठीवरही पिवळी पट्टी. पोरांना तेवढं पुरतं.

५ एप्रिल

सावलीत ३८. बाटली भरताना वजनकाटा समोर ठेवूनच भरायची. उन्हाळ्यात ५६७ ऐवजी ५४० ग्रॅमवर थांबतो. गच्च भरलेली बाटली उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर बर्स्ट डिस्क (जादा दाबाला फुटणारी सुरक्षा चकती) फुटते, आणि ते बघायची हौस मला नाही. बाटल्या शेडमध्ये पेटीत, झाकण लावून.

आत दाब किती असेल तो असो, बाहेर काटा ६०० ते ६१० मध्ये. वेग २७६ ते २८१. शेजारचा बिनरेग्युलेटरचा मार्कर स्क्रू आत घेऊन घेऊन २८० वर बांधला होता, तो पुढच्या जानेवारीत पहाटे पुन्हा २३० वर रडणार.

स्प्रिंगच्या कप्प्याच्या छिद्रावर लाल मातीचा थर बसला होता, त्यात फुटलेल्या गोळीचा रंग. सुईने साफ केलं. पेट्रोलचा बोळा लावायचा नाही, ओ-रिंग खराब होतात. कोमट पाण्याने रंग निघतो, तो पाण्यात विरघळणाराच असतो.

१२ एप्रिल

मित्राबरोबर हिशेब झाला. सगळ्या मार्करांना रेग्युलेटर नाही. सकाळच्या बॅचला लागतात तेवढ्यांनाच, त्यांना वेगळी पेटी. बाकीचे दुपारनंतरच बाहेर काढायचे आणि क्रोनोवर रोज बांधायचे. कंप्रेसरचं नाव शेडच्या पत्र्यांनंतर घेऊ. तो आला की हे रेग्युलेटर काढून विकता येतील, ब्रॅकेट राहतील.

ब्रॅकेटचे ठोकळे एकदमच कापायला टाकले. स्प्रिंगा डझनभर पडल्या आहेत, पण डोळे मिटून घालणार नाही. प्रत्येक मार्करचा व्हॉल्व्ह कमी-जास्त झिजलेला असतो, माथा प्रत्येकाचा वेगळा येईल. ५०० पासून ७५० पर्यंतची पायऱ्यांची चाचणी प्रत्येकाला घ्यायची आणि आलेला आकडा मुठीच्या आत पेनने लिहायचा. दोन सीट, चार ओ-रिंग आणि ॲलन की ग्राउंडवरच्या डब्यात. डब्याची किल्ली पोराकडे नाही.